रशियन राजघराण्यातले दागिने लिलावात घेताना: कॅटलॉगपासून कस्टमपर्यंत कामाचा योग्य क्रम

मे आणि नोव्हेंबर महिन्यात जिनिव्हामध्ये मोठे जवाहीर लिलाव होतात आणि त्यात एखादा तरी लॉट (एका बोलीत विकली जाणारी वस्तू किंवा संच) रशियन राजघराण्याचा किंवा सरदारघराण्याचा असतो. मग मुंबई-पुण्यातून, दुबईतून, न्यू जर्सीतून विचारणा सुरू होते. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी फोटो आवडतो, मग नावावर जीव जडतो, मग बोली लागते. कागद वाचायची वेळ येते ती बिल हातात पडल्यावर. नुकसान होतं ते या उलट्या क्रमामुळे, म्हणून खाली कामं ज्या क्रमाने करायला हवीत त्याच क्रमाने मांडली आहेत. एखादा टप्पा गाळून पुढे जाऊ नका.

तयारी: लिलावाच्या किमान तीन आठवडे आधी

कॅटलॉग साधारण तीन-चार आठवडे आधी ऑनलाइन येतो. त्याच दिवशी तीन गोष्टी मागवा: लॉटचा कंडिशन रिपोर्ट (दागिन्याच्या सध्याच्या अवस्थेचा अहवाल), रत्नांच्या प्रयोगशाळा-अहवालांच्या पूर्ण प्रती आणि मागच्या बाजूचे, शिक्क्यांचे व अडकणाचे जवळून काढलेले फोटो. हे सगळं मोफत मिळतं. ईमेलवर मागा, म्हणजे उत्तरही लेखी येईल. फोनवर मिळालेल्या आश्वासनाला पुढे काही किंमत राहत नाही.

सोबत एक वही करा किंवा एक्सेल शीट. प्रत्येक लॉटला एक पान, आणि पानावर चार रकाने: मालकी, शिक्के, रत्नं, डागडुजी. चारही रकाने भरेपर्यंत आकडा लिहायचा नाही.

टप्पा 1: कॅटलॉगमधली भाषा नीट वाचा

लिलावघराचा प्रत्येक शब्द वकिलांच्या नजरेखालून गेलेला असतो. घरागणिक भाषा थोडी बदलते, पण ढोबळ अर्थ असे:

- ठळक शीर्षकात निर्मात्याचं नाव, पुढे काहीही पुस्ती नाही: हा दागिना त्याच कारखान्यातला आहे असं लिलावघर सांगतंय. हमी मिळते ती यालाच.
- 'अट्रिब्यूटेड टू': आमच्या मते त्याचा असावा. हमी नाही.
- 'इन द स्टाइल ऑफ': त्या धाटणीचा. कोणी, कधी केला, काही सांगितलेलं नाही.
- मालकीच्या यादीत 'बाय रिप्यूट' किंवा 'बाय ट्रॅडिशन': घरात तसं सांगत आले आहेत. कागद नाही.
- 'बाय डिसेंट': वारसाने आला. इथे विचारायचं, कोणाकडून कोणाकडे, कोणत्या साली.

सर्वात जास्त फसगत होते ती शीर्षक आणि मालकी यांत. दागिना फाबेर्जेचा (झारच्या दरबाराच्या नामवंत जवाहिराचा) असल्याची हमी मिळाली म्हणजे तो ग्रँड डचेसच्या, म्हणजे राजघराण्यातल्या स्त्रीच्या, गळ्यात होता याची हमी मिळाली असं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याच लिलावघरांच्या अटींमध्ये निर्मात्याबद्दल हमी असते, पूर्वीच्या मालकाबद्दल नसते. अटींचं ते कलम शोधा आणि वहीत उतरवून ठेवा.

सावधान: फाबेर्जे हे नाव सर्वांना ठाऊक आहे म्हणून प्रत्येक शाही दागिना त्याचाच असेल असं धरू नका. दरबारासाठी मोठी, जड जवाहिरी घडवणारं बोलिन हे घर तितकंच महत्त्वाचं होतं, आणि केख्लीसारखे इतरही होते. 'फाबेर्जे नाही म्हणजे दुय्यम' या समजुतीमुळे चांगले लॉट हातचे जातात.

टप्पा 2: मालकीची साखळी कडी-कडीने तपासा

हा टप्पा सर्वात वेळखाऊ आहे आणि नेमका तोच घाईत उरकला जातो. रशियन दागिन्यांच्या मालकीत 1917 ते 1930 हा काळ कळीचा आहे. दागिना त्या वर्षांत कुठे होता याचं उत्तर मिळालं तर बाकीची साखळी बहुतेक जुळते.

*आधी माणूस नक्की करा.* नावं फसवी आहेत. ग्रँड डचेस मारिया पावलोव्हना दोन होऊन गेल्या. थोरली म्हणजे ग्रँड ड्यूक व्लादिमिरची पत्नी, 1920 मध्ये फ्रान्समधल्या कोन्त्रेक्सेव्हील इथे वारली. धाकटी तिच्या दिराची, ग्रँड ड्यूक पावेलची मुलगी, 1890 ते 1958. दोघींकडे दागिने होते, दोघींचे विकले गेले, आणि बाजारात किंमत मात्र थोरलीच्या नावाला जास्त. सम्राज्ञी मारिया फ्योदोरोव्हनाही दोन: पहिल्या पॉलची पत्नी 1828 मध्ये गेली, तिसऱ्या अलेक्झांडरची 1928 मध्ये. कॅटलॉगमध्ये नुसतं नाव असेल आणि जन्म-मृत्यूची सालं नसतील, तर ईमेल पाठवून विचारा.

*मग बाहेर पडण्याची वाट शोधा.* रशियातून दागिने बाहेर आले ते मुख्यतः तीन वाटांनी, आणि प्रत्येक वाटेचा पुरावा वेगळा.

पहिली वाट: घरच्यांनी किंवा मित्रांनी बाहेर काढलेले. थोरल्या मारिया पावलोव्हनाचे दागिने 1917 मध्ये पेट्रोग्राडच्या (म्हणजे सेंट पीटर्सबर्गच्या) व्लादिमिर राजवाड्यातून अल्बर्ट स्टॉपफर्ड या इंग्रज मित्राने काढले आणि लंडनला पोचवले. तिच्या मृत्यूनंतर मुलांमध्ये वाटणी झाली ती रत्नाच्या जातीप्रमाणे: पाचू बोरिसला, मोती किरिलला, माणकं आंद्रेईला, हिरे मुलगी येलेनाला. ही वाटणी पडताळ्याला फार उपयोगी पडते. तिचा म्हणून पाचूंचा लॉट आला आणि साखळीत बोरिसचं नाव नाही, तर का नाही ते विचारलं पाहिजे.

दुसरी वाट: वकिलातीत किंवा बँकेत ठेवलेले. याच ग्रँड डचेसच्या बाहीच्या गुंड्या आणि सिगारेट केस 1918 मध्ये स्वीडिश वकिलातीत पोचले आणि स्टॉकहोमच्या परराष्ट्र खात्यात उशांच्या दोन अभ्र्यांमध्ये दशकानुदशकं पडून राहिले. नोव्हेंबर 2009 मध्ये सदबीज या लिलावघराने लंडनला त्यांचा लिलाव केला तेव्हा सुमारे 70 लाख पौंड आले, अंदाजाच्या कितीतरी पट. एवढा भाव येण्याचं मोठं कारण म्हणजे मालकीच्या साखळीत एकही फट नव्हती.

तिसरी वाट: सोव्हिएत सरकारने स्वतः विकलेले. 16 मार्च 1927 रोजी क्रिस्टीज या लिलावघराने लंडनमध्ये रशियन राजकोषातल्या दागिन्यांचे 124 लॉट विकले. वधूचा शाही विवाहमुकुट त्यातच होता, आता तो वॉशिंग्टनच्या हिलवुड संग्रहालयात आहे. या वाटेने आलेला दागिना तपासायला दोन छापील साधनं आहेत: त्या लिलावाचा कॅटलॉग, आणि खनिजशास्त्रज्ञ फर्समानच्या देखरेखीखाली 1925-26 मध्ये निघालेला सोव्हिएत हिरेकोषाचा सचित्र कॅटलॉग. फोटो शेजारी ठेवून रत्नन् रत्न मोजा.

जप्तीतून विकलेल्या मालावर मूळ घराण्याचा हक्क राहतो का, हा प्रश्न हमखास येतो. ग्रँड ड्यूक पावेलची विधवा प्रिन्सेस ओल्गा पालेय हिने लंडनमध्ये असाच दावा लावला होता. 1929 मध्ये अपील न्यायालयाने सोव्हिएत हुकूम ग्राह्य धरले आणि ती हरली. तरी प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असतो, तेव्हा मोठ्या रकमेच्या लॉटसाठी वकिलाचं मत घ्याच.

*1933 ते 1945 वेगळं बघा.* रशियातून सुटलेला दागिना बर्लिन, पॅरिस किंवा व्हिएन्नात त्या वर्षांत हात बदलला असेल, तर नाझी काळातल्या लुटीचा प्रश्न उभा राहतो. आणि अगदी अलीकडच्या चोऱ्याही लक्षात ठेवा. 2006 मध्ये हर्मिटाज संग्रहालयातून 221 वस्तू गेल्याचं उघड झालं होतं. 'आर्ट लॉस रजिस्टर'मध्ये, म्हणजे चोरीला गेलेल्या कलावस्तूंच्या नोंदीत, शोध घेतला आहे का, हे लिलावघराला विचारा. चांगली घरं घेतात आणि तसं सांगतात.

*रत्न पुन्हा कापलं गेलं असेल तर.* क्रिस्टीजने मे 2019 मध्ये जिनिव्हात विकलेला, थोरल्या मारिया पावलोव्हनाच्या संग्रहातला पाचू 75.61 कॅरटचा होता. जुन्या नोंदीत तोच दगड षटकोनी आणि सुमारे 107 कॅरटचा आहे. 1954 मध्ये तो नव्याने कापून नासपतीच्या आकाराचा केला गेला. म्हणजे वजन जुळलं नाही म्हणून लॉट लगेच खोटा ठरत नाही. पण कापण्याची घटना सांगणारा कागद हवा: सराफाची वही, बिल, तारखेसह काहीतरी. 'नंतर कापला असावा' एवढ्यावर मान डोलवू नका.

पडताळा: वहीत 1917, 1920, 1930, 1945 ही सालं लिहा. प्रत्येकासमोर मालकाचं नाव आणि ते कोणत्या कागदावरून कळलं ते लिहा. दोन सालांपुढे रकाना रिकामा राहिला, तर नावासाठी एक पैसाही जादा मोजायचा नाही. दागिना नुसता दागिना म्हणून आवडत असेल तर पुढे चला.

आपल्याकडचा एक संदर्भ इथे सांगावासा वाटतो. मॉस्कोच्या हिरेकोषातल्या 'शाह' हिऱ्यावर तीन लेख कोरले आहेत, आणि त्यातला पहिला अहमदनगरच्या दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाचा, हिजरी 1000 सालचा. पुढचे शाहजहान आणि इराणच्या फतह अली शाहचे. मालकीचा पुरावा वस्तूवरच असण्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. दागिन्यांवर असे लेख क्वचितच असतात, पण कोरलेली आद्याक्षरं, तारीख, मुकुटाचं चिन्ह, ओरखडून लिहिलेला नोंदणी क्रमांक असू शकतो. मागच्या बाजूचे फोटो मागवायचे ते यासाठी.

टप्पा 3: शिक्के वाचा, आणि एकमेकांशी ताडून बघा

नुसता शिक्का आहे म्हणजे दागिना खरा, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. फाबेर्जेचे खोटे शिक्के सर्रास आढळतात. खोट्या शिक्क्यांचं बिंग फुटतं ते बहुधा दोन शिक्क्यांच्या तारखा एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा.

*कस.* रशियात कस 'झोलोत्निक'मध्ये मोजत, 96 पैकी किती भाग शुद्ध असा. 56 म्हणजे आपलं 14 कॅरट, 72 म्हणजे 18 कॅरट. चांदीला 84, 88 किंवा 91. आपल्याकडे 22 कॅरटची सवय असल्याने 56 बघून लोक नाक मुरडतात. रशियात 56 हाच रोजचा कस होता, त्यात कमीपणा काही नाही.

*डोकं.* कोकोश्निक म्हणजे रशियन शिरोभूषण घातलेल्या स्त्रीचं तोंड डावीकडे असेल तर साधारण 1899 ते 1908, उजवीकडे असेल तर 1908 ते क्रांती. 1908 नंतर शेजारी ग्रीक अक्षर: आल्फा म्हणजे पीटर्सबर्ग, डेल्टा म्हणजे मॉस्को. 1899 च्या आधी शहराचं चिन्ह असे. पीटर्सबर्गचे जहाजाचे आडवेतिडवे नांगर आणि राजदंड, मॉस्कोचा घोड्यावरचा सेंट जॉर्ज. 1927 पासून हातोडा घेतलेला कामगार आणि 583, 750 असे दशमान आकडे. 'झारच्या काळचा' म्हणून दाखवलेल्या दागिन्यावर हे दिसलं तर निदान तो भाग तरी सोव्हिएत काळातला आहे, किंवा दागिना तेव्हा पुन्हा तपासला गेला आहे. कोणतं खरं, ते लेखी विचारा.

*कारागीर.* फाबेर्जेचे मुख्य कारागीर आपला स्वतःचा शिक्का मारत. मिखाईल पेर्खिनची आद्याक्षरं सिरिलिकमध्ये असतात आणि त्यातलं दुसरं अक्षर दोन खांबांवर तुळई टाकावी तसं दिसतं. त्याच्यानंतर आलेला हेन्रिक विगस्ट्रोम लॅटिन अक्षरं वापरी. आता मुद्दा बघा: पेर्खिन 1903 मध्ये वारला. उजवीकडे बघणारं डोकं आलं 1908 मध्ये. दोन्ही एकाच वस्तूवर असतील तर ती वस्तू खाली ठेवा.

*परदेशी शिक्के.* स्थलांतरितांनी पॅरिसमध्ये विकलेल्या दागिन्यांवर फ्रेंच घुबडाचा बारीक शिक्का सापडतो, म्हणजे फ्रान्समध्ये बाहेरून आलेलं सोनं. तो दिसला तर आनंदच माना, मालकीच्या साखळीतली एक कडी आपोआप मिळाली.

*डबी.* मूळ डबी किंमत वाढवते, म्हणून डब्या वेगळ्या विकत घेऊन दागिन्याला जोडल्या जातात. दोन तपासण्या करा. दागिना खाचेत घट्ट बसतो का, आणि अस्तरावरच्या रेशमावर शहरांची कोणती नावं छापली आहेत? 'पेट्रोग्राड' असेल तर डबी 1914 नंतरची, कारण सेंट पीटर्सबर्गचं नाव त्या साली बदललं. आतला दागिना 1895 चा असल्याचं सांगत असतील, तर डबी आणि दागिना वेगवेगळ्या वेळी एकत्र आले आहेत.

पडताळा: कस, डोकं, कारागीर, डबी या चारांची सालं एका ओळीत लिहा. सगळी एकमेकांत बसली पाहिजेत.

फाबेर्जेच्या दागिन्यांसाठी आणखी एक आधार आहे. फाबेर्जेसाठी दागिने घडवणाऱ्या होल्मस्ट्रोम कारखान्याच्या नोंदवह्या टिकून आहेत. त्यात मार्च 1909 ते मार्च 1915 मधल्या दागिन्यांची रंगीत चित्रं आहेत आणि त्या लंडनच्या वार्ट्स्की या पेढीकडे आहेत. त्या काळातला दागिना असेल तर लिलावघराने त्या वह्यांशी ताडून बघितलं आहे का, हे जरूर विचारा.

टप्पा 4: रत्नांचे अहवाल

मोठ्या रंगीत रत्नाला स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल हवाच. स्वित्झर्लंडमधल्या एसएसईएफ आणि ग्युबेलिन या दोन प्रयोगशाळांचे अहवाल बाजारात चालतात. अमेरिकी जीआयए आणि एजीएल यांचेही. अहवालात तीन गोष्टी बघा: रत्न कुठल्या खाणीचं, त्यावर प्रक्रिया झाली आहे का, आणि अहवालाची तारीख. नीलम तापवलेला नसेल तर भाव वेगळा, तापवलेला असेल तर वेगळा. पाचूत तेल किती भरलंय ते शब्दांत लिहिलेलं असतं. अहवाल पाच-सात वर्षांहून जुना असेल तर नवा मागा, कारण मधल्या काळात पाचूत पुन्हा तेल भरलं गेलं असू शकतं.

लाल दगडाबाबत जास्त काळजी. रशियन राजमुकुटावरचा 398.72 कॅरटचा प्रसिद्ध लाल दगड माणिक नाही, स्पिनेल नावाचं वेगळं रत्न आहे. जुन्या घरगुती यादीत 'माणिक' लिहिलंय, एवढ्याने माणिक होत नाही.

उरलची हिरवी डिमँटॉइड रत्नं रशियन दागिन्यांत भरपूर दिसतात. त्यांच्या आत घोड्याच्या शेपटीसारखे बारीक तंतू असतात. इतर रत्नांत आतलं काही दिसलं की भाव उतरतो, इथे ती उरलची ओळख आहे. त्याला दोष समजून घासाघीस करू नका.

टप्पा 5: दागिना हातात घ्या

लिलावाआधी चार-पाच दिवस प्रदर्शन असतं. जिनिव्हात ते हॉटेलांत भरतं. ठळक लॉट त्याआधी हाँगकाँग, न्यूयॉर्क, लंडनला फिरवले जातात, कधी दुबईलाही. मुंबईहून जिनिव्हा जमत नसेल तर फिरत्या प्रदर्शनाच्या तारखा बघा, किंवा तिथल्या स्वतंत्र रत्नपारख्याला पैसे देऊन पाठवा. लिलावघराचाच माणूस 'तुमच्या वतीने' बघतो म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा.

सोबत दहापट भिंग न्या. आधी मागची बाजू बघा, समोरून सगळेच सुंदर दिसतात. बघायच्या जागा:

- डाग, म्हणजे धातूचा सांधा, कुठे दिलाय. मूळ सोन्याचा डाग स्वच्छ असतो. करड्या रंगाचा, फुगीर दिसला तर नंतर शिशाने सांधलेलं आहे, आणि ते नीट काढणं अवघड.
- पिन, फिरकी, पेच मूळचे आहेत का. पेंडंटचा ब्रोच केलेला, मुकुटाचा तुकडा काढून लॉकेट केलेलं, असं बरंच घडलेलं आहे. कंडिशन रिपोर्टमध्ये 'लेटर फिटिंग' (नंतर बसवलेले भाग) एवढेच शब्द असतात.
- कोंदणं एकसारखी आहेत का. जुन्या घडणीत हिऱ्यांना चांदीचं कोंदण आणि मागे सोनं अशी पद्धत. मधलं एखादंच प्लॅटिनमचं निघालं तर तो दगड बदललेला.
- मीना. तिरका धरून दिव्याखाली फिरवा. दुरुस्त केलेल्या जागी चमक मंद होते.

सावधान: कंडिशन रिपोर्टमध्ये एखाद्या गोष्टीचा उल्लेख नाही याचा अर्थ ती ठीक आहे असा नाही. 'आहे त्या स्थितीत' हे वाक्य अटींत असतंच.

टप्पा 6: आकडा ठरवा, तोही उलट्या बाजूने

कॅटलॉगमधल्या अंदाजात खरेदीदाराचं कमिशन धरलेलं नसतं, आणि जाहीर झालेल्या निकालात ते धरलेलं असतं. हे न कळल्याने दोन्हीकडून फसगत होते. नोव्हेंबर 2021 मध्ये थोरल्या मारिया पावलोव्हनाच्या नीलम ब्रोच आणि कर्णभूषणांना 8,06,500 स्विस फ्रँक आल्याची बातमी आली, तो कमिशनसह आकडा होता. हातोडा पडला त्याहून कमी रकमेवर.

कमिशन टप्प्यांमध्ये असतं आणि दर बदलत राहतात, म्हणून त्या लिलावाच्या अटींतलाच दर घ्या. समजायला 26 टक्के धरू. 1,00,000 फ्रँकवर हातोडा पडला तर 1,26,000 झाले. दागिना स्वित्झर्लंडमध्येच राहणार असेल आणि पूर्ण रकमेवर 8.1 टक्के व्हॅट लागला तर 1,36,206. बाहेर नेणार असाल तर व्हॅट परत मिळण्याची सोय असते, पण त्याची मुदत आणि कागद आधी विचारा.

आता उलटं करा. खिशातून जास्तीत जास्त 1,50,000 जाऊ द्यायचे आहेत. विमा, वाहतूक, रत्नपारखी मिळून 5,000 बाजूला काढा. राहिले 1,45,000. त्याला 1.26 ने भागा: 1,15,079. व्हॅट परत मिळणार नसेल तर आधी 1.081 ने भागायचं, म्हणजे बोलीची मर्यादा 1,06,456 वर येते. भारतात आणणार असाल तर आयात शुल्कही यातूनच वजा करा. शंभर वर्षांवरच्या जवाहिराचं वर्गीकरण गुंतागुंतीचं आहे, कस्टम एजंटकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय इथे अंदाज बांधू नका.

भारतात राहणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंतच पैसे बाहेर पाठवता येतात, आणि ठरावीक रकमेच्या वर त्यावर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो कर) कापला जातो. त्या वर्षी मुलाची परदेशी फी भरली असेल तर ती रक्कमही याच मर्यादेत मोजली जाते. दुसरं, 1972 च्या पुरावस्तू कायद्यामुळे शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीला भारताबाहेर विकायला पाठवता येत नाही. परदेशातून आणलेली वस्तू पुन्हा बाहेर न्यायची वेळ आली तर हाच कायदा आडवा येऊ शकतो. पुढेमागे जिनिव्हातच विकायचा विचार असेल तर दागिना भारतात आणण्याआधी या विषयातल्या वकिलाला विचारा.

टप्पा 7: नोंदणी

किमान एक आठवडा आधी करा. पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, बँकेचं पत्र, मोठ्या लॉटसाठी अनामत. 2022 नंतर रशियावरच्या निर्बंधांमुळे चौकशी कडक झाली आहे. पैसे कोणत्या खात्यातून येणार आणि दागिना शेवटी कोणाकडे जाणार, हे विचारतात. बिल ज्याच्या नावावर, पैसेही त्याच्याच खात्यातून यावे लागतात. भावाच्या खात्यातून भरतो म्हटलं तर व्यवहार अडकतो. खरी माहिती द्या, आणि एकदाच द्या.

टप्पा 8: बोलीचा दिवस

जिनिव्हा मे महिन्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, नोव्हेंबरमध्ये साडेचार तास. या एका तासाच्या फरकाने लॉट चुकलेले लोक आहेत. घड्याळ लावा.

सकाळी 'सेलरूम नोटीस' वाचा. कॅटलॉग छापल्यानंतर कळलेली दुरुस्ती तिथे असते: रत्न तापवलेलं निघालं, मालकीतला एक दुवा काढून टाकला, लॉट मागे घेतला. न वाचता बोली लावली तरी ती दुरुस्ती तुम्हाला लागू होते.

सुरुवातीच्या बोल्या राखीव किमतीपर्यंत (ज्याखाली विक्रेता विकणार नाही त्या रकमेपर्यंत) लिलावकर्ता विक्रेत्याच्या वतीने पुकारू शकतो. अटींत तसं लिहिलेलं असतं. तेव्हा सभागृहात चढाओढ लागली आहे असं समजून घाई करू नका.

बोलीच्या पायऱ्या समजून घ्या. लाखाच्या आसपास पायरी बहुधा 10,000 ची. वरच्या उदाहरणात तुमची मर्यादा 1,06,456 असेल तर तुमची शेवटची बोली 1,00,000. ती समोरच्याने लावली की तुम्हाला 1,10,000 वर जावं लागणार, म्हणजे मर्यादेबाहेर. व्हॅट परत मिळणार असेल तर 1,10,000 तुमच्या 1,15,079 मध्ये बसतात. हा निर्णय आदल्या रात्री घेऊन कागदावर लिहून ठेवा. फोनवरून बोली लावत असाल तर तो कागद समोर हवा, कारण फोनवरची व्यक्ती शांत आवाजात 'अजून एक?' विचारते आणि तुमच्याकडे उत्तराला दोन-तीन सेकंद असतात.

इंटरनेटवरून बोली लावताना चित्र मागे पडू शकतं. महत्त्वाच्या लॉटला फोन घ्या, किंवा आदल्या दिवशी लेखी बोली द्या.

टप्पा 9: हातोडा पडल्यानंतर

हातोडा पडला की करार झाला. 'विचार बदलला' ही सोय नाही. धोका कोणत्या क्षणी तुमच्याकडे येतो ते अटींत असतं, तेव्हा विमा त्याच दिवसापासून सुरू करा. कुरिअर नेहमीचं चालणार नाही, जवाहीर नेणाऱ्या खास कंपन्या आहेत. दागिन्यात हस्तिदंत किंवा कासवाचं कवच असेल, आणि फाबेर्जेच्या फोटोच्या चौकटींच्या पाठीला हस्तिदंत सापडतं, तर सायटीसचा (संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) परवाना मिळेपर्यंत वस्तू हलवायची नाही.

एका फाइलमध्ये एकत्र ठेवा: छापील कॅटलॉग, बिल, कंडिशन रिपोर्ट, रत्नांचे मूळ अहवाल, सेलरूम नोटीस आणि टप्पा 2 पासूनचे सगळे ईमेल. निर्मात्याबद्दलची हमी ठरावीक वर्षांपुरती असते, अनेक घरांत पाच वर्षं, आणि बहुधा मूळ खरेदीदारालाच मिळते. म्हणून पहिल्या वर्षातच दागिना स्वतंत्र तज्ज्ञाला दाखवा, शिक्के पुन्हा वाचून घ्या, आणि काही वावगं निघालं तर हमीची मुदत संपण्याआधी लिलावघराला लेखी कळवा.